स्क्रीनवर ‘मान्य नाही’चं बटण नव्हतं

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



‘संगणक : शाप की वरदान’ हा निबंध आपण सगळ्यांनी शाळेत कधी ना कधी लिहिलाय. अर्धं पान वरदान, अर्धं पान शाप, आणि शेवटी ‘सगळं वापरणाऱ्याच्या हातात आहे’ असं एक वाक्य टाकलं की दहापैकी सात मार्क पक्के. तुम्ही सुचवलेल्या विषयांत हा विषय सारखा येतोय आणि मी तो टाळत होतो. कारण तोच निबंध माइकसमोर वाचून दाखवायचा तर एपिसोड कशाला करायचा? मग ठरवलं, एकच प्रकरण घ्यायचं आणि ते नीट सांगायचं. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं.

काहींना हे माहीत असेल. २०२४च्या जानेवारीत आयटीव्हीवर ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ ही चार भागांची मालिका आली आणि तिकडे एकच गदारोळ झाला. पण मालिकेत आपण माणसांची गोष्ट बघतो. कोड लिहिणाऱ्याच्या खुर्चीत बसून हेच प्रकरण बघितलं की त्यात वेगळंच काहीतरी दिसतं, आणि खरं सांगतो, झोप उडते.

आधी थोडी पार्श्वभूमी. ब्रिटनमध्ये गावोगावची बहुतेक पोस्टं सरकारी नोकर चालवत नाहीत. गावातला एखादा दुकानदार पोस्ट ऑफिसशी करार करतो आणि आपल्याच दुकानाच्या एका कोपऱ्यात पोस्टाचं काउंटर टाकतो. त्याला म्हणतात सबपोस्टमास्टर. आपल्याकडचा रेशन दुकानदार कसा, धान्य सरकारचं, पण दुकान आणि जबाबदारी त्याची. साधारण तसं समजा. पेन्शन वाटायची, बिलं घ्यायची, स्टँप विकायचे. रोखीचा व्यवहार बराच मोठा. आणि करारात एक कलम होतं की स्वतःच्या निष्काळजीपणाने किंवा चुकीने जे नुकसान होईल ते सबपोस्टमास्टरने भरून द्यायचं. वाचायला ठीक वाटतं ना? पण पोस्ट ऑफिसने व्यवहारात त्याचा अर्थ असा लावला की तूट दिसली म्हणजे चूक तुझीच. आण पैसे.

१९९९-२००० मध्ये या सगळ्या काउंटरांवर कॉम्प्युटर आले. सिस्टिमचं नाव हॉरायझन. बनवली आयसीएलने, जी फुजित्सूची कंपनी होती. आता इथे एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे, कारण ती कोणी सांगत नाही. हॉरायझन आणण्यात वेडेपणा काहीच नव्हता. त्याआधी हे लोक दर आठवड्याला कागदावर हिशोब जुळवत बसायचे. हजारो शाखा, आणि कुठल्या शाखेत किती रोकड आहे हे वरच्या ऑफिसला वेळेवर कळायचं नाही. असं काम कॉम्प्युटरकडे जायलाच हवं. आणि हॉरायझनवर झालेले बहुसंख्य व्यवहार बरोबरच नोंदले जायचे. नंतर कोर्टात पोस्ट ऑफिसने हाच मुद्दा लावून धरला: एवढे कोट्यवधी व्यवहार नीट होतात, मग यांचेच कसे चुकतात?

हा प्रश्न सिस्टिमबद्दल विचारलात तर योग्य आहे. एका माणसाबद्दल विचारलात तर त्याला काही अर्थ नाही. एक बग एक लाख व्यवहारांत एकदाच उगवत असेल, तर ज्याच्या काउंटरवर तो उगवला त्याच्यासाठी तो शंभर टक्के उगवलेला असतो.

एक बग सांगतो. मला तो भयंकर वाटतो, कारण तो इतका साधा आहे की आपल्यापैकी कोणाच्याही कोडमध्ये असू शकतो. स्कॉटलंडमध्ये डॅलमेलिंग्टन नावाचं गाव आहे. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या शाखेत एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरसाठी ८,००० पाउंड रोख पाठवल्याची नोंद करायची होती. पाकिटावरचा बारकोड स्कॅन केला, एंटर दाबलं. स्क्रीन हलेना. आपण काय करतो? पुन्हा दाबतो. तसंच झालं. स्क्रीन बदलली नाही, पण मागे दर वेळी नोंद पडत होती. एकूण चार वेळा. झाले ३२,००० पाउंड. पाकिटात ८,०००. म्हणजे २४,००० पाउंडांची तूट, जी या जगात कधी अस्तित्वातच नव्हती. चौकशी केल्यावर कळलं की हा बग २०१०पासून अधूनमधून डोकं वर काढत होता.

इंजिनिअर मंडळींना सांगायला नको, की एकाच पाकिटाची नोंद दुसऱ्यांदा आली तर ती नाकारायची, हा आपल्या धंद्यातला अगदी पहिल्या वर्षातला धडा आहे. यूपीआय करताना नेट अडकलं आणि तुम्ही पुन्हा बटण दाबलंत, तरी एकच पेमेंट जावं यासाठी मागे काहीतरी केलेलं असतं, ते हेच. इथे ते नव्हतं. बरं, बग आहे, बग असतात. मी बगवर चिडत नाही. बिनबगाचं सॉफ्टवेअर ज्याने लिहिलंय त्याने मला भेटावं, मी चहा पाजतो.

खरी गडबड पुढे आहे.

हिशोबाचा कालावधी संपला की सबपोस्टमास्टरला स्क्रीनवर दिसायचं: इतकी तूट. पुढचा कालावधी सुरू करायचा तर आधी या आकड्याचा निकाल लावायचा. पर्याय काय? खिशातून पैसे भर. किंवा ‘नंतर भरतो’ असं मान्य कर, म्हणजे रक्कम वरच्या ऑफिसकडे तुझ्या नावावर जाईल. पूर्वी वादातली रक्कम तात्पुरती बाजूला टाकायला एक खातं असायचं, ते २००५ मध्ये काढून टाकलं. म्हणजे ‘हा आकडा मला मान्य नाही’ असं म्हणायची जागाच स्क्रीनवर उरली नाही. मान्य केलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुकानातलं पोस्ट उघडता येणार नाही, आणि पेन्शन घ्यायला म्हाताऱ्या माणसांची रांग तर दारात. मग लोकांनी मान्य केलं. आणि पुढे त्याच मान्यतेवरून त्यांच्यावर खोटा हिशोब दाखवल्याचा गुन्हा लावला.

हे परत ऐका. जो आकडा मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, तो मान्य केला हाच गुन्ह्याचा पुरावा झाला. कोणीतरी, कुठल्या तरी मीटिंगमध्ये, ती स्क्रीन डिझाइन केली होती. मला नाही वाटत त्या खोलीत कोणाच्या मनात काही वाईट असेल. ‘युझर फ्लो सोपा करूया’ असंच काहीतरी बोलणं झालं असेल. एक बटण न ठेवणं, इतकंच.

हेल्पलाइन होती की! ब्रिडलिंग्टन या समुद्रकाठच्या गावात ली कॅसलटन नावाचे सबपोस्टमास्टर होते. तूट दिसायला लागल्यावर त्यांनी हेल्पलाइनला नव्वदहून जास्त वेळा फोन केला. उपयोग शून्य. शेवटी साधारण २५,००० पाउंडांच्या तुटीसाठी पोस्ट ऑफिसने त्यांच्यावर दिवाणी दावा लावला. वकील परवडत नव्हता म्हणून कॅसलटन स्वतःच उभे राहिले आणि २००७ मध्ये हरले. पोस्ट ऑफिसचा ३,२१,००० पाउंडांचा कोर्टखर्च त्यांच्या डोक्यावर बसला आणि त्यांचं दिवाळं निघालं. अनेकांनी नंतर साक्षीत सांगितलं की हेल्पलाइनवर त्यांना एकच वाक्य ऐकवलं जायचं: असा प्रॉब्लेम फक्त तुम्हालाच येतोय. म्हणजे प्रत्येकाला वाटत राहिलं की आपणच एकटे.

१९९९ ते २०१५ या काळात ९००हून जास्त लोक दोषी ठरले. त्यातल्या साधारण ७०० जणांवर खटला पोलिसांनी नाही, खुद्द पोस्ट ऑफिसने चालवला. हो, तिकडे तशी सोय आहे. म्हणजे ज्याचे पैसे बुडाले तोच तपास करणार, तोच फिर्याद लावणार, आणि पुरावा कसला? तर त्याच्याच कॉम्प्युटरचा प्रिंटआउट.

सीमा मिश्रा. भारतीय वंशाच्या, लंडनजवळ वेस्ट बायफ्लीटमध्ये पोस्ट चालवायच्या. ७४,००० पाउंडांची चोरी केली असा आरोप. २०१०च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा त्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी त्यांच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. खटल्यात त्यांच्या बाजूने हॉरायझनच्या दोषांच्या नोंदी मागितल्या होत्या. मिळाल्या नाहीत. आणि त्यांचा खटला उभा राहण्याच्या आसपासच, त्याच वर्षी, पोस्ट ऑफिस आणि फुजित्सूच्या लोकांची एक बैठक झाली होती. विषय होता जमा-खर्च न जुळणारा एक बग, ज्याने साधारण साठ शाखांचे आकडे चुकवले होते. त्या बैठकीच्या टिपणात दोन काळज्या लिहिल्या आहेत: हे बाहेर पडलं तर शाखांचा सिस्टिमवरचा विश्वास उडेल, आणि चालू कोर्ट केसेसवर परिणाम होईल. त्यात एक उपाय असाही मांडला होता की फुजित्सूने शाखेचा डेटा परस्पर मागून दुरुस्त करावा. आणि पोस्ट ऑफिस तर वर्षानुवर्षं सांगत आलं होतं की शाखेच्या हिशोबाला बाहेरून कोणी हात लावूच शकत नाही!

सीमा मिश्रा तुरुंगात गेल्यावर पोस्ट ऑफिसच्या अंतर्गत ईमेलमध्ये अभिनंदनाचा सूर होता, की हॉरायझनवरचा हल्ला परतवून लावला. माणसाला तुरुंगात पाठवल्याचा नाही, सॉफ्टवेअर वाचवल्याचा आनंद.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. ब्रिटनची कोर्टं एवढी नावाजलेली, मग न्यायाधीशांनी विचारलं कसं नाही, की बाबांनो, तुमचा कॉम्प्युटर नीट चालत होता का?

याचं उत्तर कायद्यात आहे. १९८४च्या तिथल्या एका कायद्यात, कलम ६९ मध्ये, होतं की कॉम्प्युटरमधून आलेला कागद फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून द्यायचा असेल, तर कॉम्प्युटर नीट चालत होता हे देणाऱ्याने दाखवायचं. वकील लोकांना ही कटकट वाटायची. प्रत्येक बारीकसारीक प्रिंटआउटसाठी कशाला एवढं? तिथल्या विधी आयोगाने १९९७ मध्ये शिफारस केली, १९९९ मध्ये कायदा झाला आणि ते कलम गेलं. मग राहिलं काय? जुनं गृहीतक: यंत्र नीट चालत होतं असं धरून चालायचं. नव्हतं चालत असं तुमचं म्हणणं असेल, तर तुम्ही काहीतरी पुरावा आणा.

तारखा बघा. कलम गेलं आणि त्याच सुमारास हॉरायझन आलं. गावातल्या दुकानदाराने पुरावा आणायचा कुठून? लॉग फुजित्सूकडे. सोर्स कोड फुजित्सूकडे. आधी अशीच तक्रार कोणी केली होती का, हे माहीत पोस्ट ऑफिसला. त्याच्याकडे काय होतं? एक वही, आणि ‘मी चोरी केली नाही’ हे वाक्य.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे. कॉम्प्युटर चुकला हे दुय्यम. कॉम्प्युटर आणि माणूस यांचं पटलं नाही, तर सिद्ध कोणी करायचं, हे आधीच ठरलेलं होतं. करारात ठरलं होतं, स्क्रीनवर ठरलं होतं आणि कायद्यातही ठरलं होतं. तिन्ही ठिकाणी उत्तर एकच, माणसाने.

आणि आता त्या निबंधातलं ‘वरदान’. हे बाहेर आलं कसं? ॲलन बेट्स, वेल्समधल्या लँडिडनोचे सबपोस्टमास्टर, ज्यांचा करार पोस्ट ऑफिसने २००३ मध्ये संपवला होता, ते मागे हटले नाहीत. ‘कॉम्प्युटर वीकली’ या साप्ताहिकाने २००९च्या मे महिन्यात सात सबपोस्टमास्तरांच्या कहाण्या छापल्या, तेव्हा पहिल्यांदा लोकांना कळलं की आपण एकटे नाही. मग ५५५ जणांनी मिळून दावा लावला. तो दावा जिंकायला कामी काय आलं माहीत आहे? फुजित्सूचे स्वतःचे लॉग. सपोर्टच्या लोकांनी ठेवलेला ‘नोन एरर लॉग’, म्हणजे माहीत असलेल्या दोषांची यादी, आणि हजारो जुनी तिकिटं. वादींच्या तज्ज्ञाने ती उपसली आणि एकेक बग, कुठल्या शाखेत, कुठल्या तारखेला, असा मांडला.

कागदाच्या जमान्यात हे झालं असतं का? मला नाही वाटत. पंधरा वर्षांपूर्वी कुठल्या कारकुनाने काय चुकवलं, हे कोणालाच सापडलं नसतं. कॉम्प्युटर विसरत नाही. ज्या यंत्राने या लोकांना गुन्हेगार ठरवलं, त्यांच्या निर्दोषपणाचा पुरावा पहिल्या दिवसापासून त्याच यंत्राच्या पोटात पडून होता. तो कोणाला बघायला मिळेल, हा प्रश्न मात्र माणसांनी ठरवला. पोस्ट ऑफिसने तर त्या दाव्यात सुरुवातीला त्या लॉगच्या अस्तित्वावर, उपयोगावर, सगळ्यावरच हरकत घेतली होती.

२०१९च्या डिसेंबरमध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला की हॉरायझनमध्ये बग होते आणि त्यामुळे शाखांचे हिशोब चुकू शकत होते. तडजोडीत ५ कोटी ७७ लाख ५० हजार पाउंड मिळाले, पण खटल्याचा खर्च आणि त्यासाठी पैसे लावणाऱ्यांचा वाटा जाऊन लोकांच्या हाती पडले साधारण १ कोटी २० लाख. ५५५ने भागून बघा. २०२१च्या एप्रिलमध्ये अपील कोर्टाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या, सीमा मिश्रांची त्यातच. बाकीच्यांसाठी २०२४च्या मे महिन्यात संसदेला सरसकट कायदाच करावा लागला, तोही मालिका येऊन गेल्यावर! २०२५च्या जुलैमध्ये सर विन विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाचा पहिला भाग आला. त्यात म्हटलंय की किमान १३ जणांच्या आत्महत्यांचा संबंध या प्रकरणाशी असू शकतो.

एक गोष्ट राहिली, खास आपल्या कोडवाल्या मित्रांसाठी. या खटल्यांमध्ये फुजित्सूचा एक ज्येष्ठ इंजिनिअर तज्ज्ञ साक्षीदार म्हणून यायचा. २०१३ मध्ये पोस्ट ऑफिसला सल्ला देणाऱ्या एका वकिलानेच लेखी सांगितलं, की या साक्षीदाराला बग माहीत होते आणि त्याने ते कोर्टाला सांगितले नाहीत, तेव्हा आता त्याच्यावर विसंबू नका. ते पत्र वर्षानुवर्षं ज्यांना शिक्षा झाली त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. मला त्या इंजिनिअरच्या मनात शिरायचं नाही. पण आपल्या धंद्यात तिकीट बंद करताना ‘युझर एरर’ लिहिणं किती सोपं असतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळचे सात वाजलेत, बग रिप्रोड्यूस होत नाहीये, मॅनेजर विचारतोय काय झालं. दोन शब्द टाईप केले की सुटका. ते दोन शब्द पाच वर्षांनी कोर्टात वाचले जातील, असं कोणी आपल्याला कॉलेजमध्ये शिकवलं नाही. बीटेकला आमच्याकडे ‘प्रोफेशनल एथिक्स’ नावाचा पेपर होता. त्यात व्याख्या पाठ करायच्या होत्या.

आता आपल्याकडे या. कारण ऐकताना वाटतं, हे तिकडचं.

आपला कायदा या बाबतीत कागदावर तरी वेगळा आहे. २००० सालच्या आयटी कायद्याबरोबर पुरावा कायद्यात ६५-बी हे कलम आलं. इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्या काळात कॉम्प्युटर नीट चालत होता ही त्यातली एक अट आहे. म्हणजे ब्रिटनने जे काढून टाकलं, त्याच्यासारखं काहीतरी आपण त्याच सुमारास आत घेतलं. आणि हे प्रमाणपत्र खरंच सक्तीचं आहे का, यावरचा मोठा निकाल कुठून आला माहीत आहे? आपल्या जालन्यातून. २०१४ची विधानसभा निवडणूक. अर्जुन खोतकर कैलास गोरंट्यालांवर फक्त २९६ मतांनी निवडून आले. वाद असा की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ टळून गेल्यावर घेतला गेला का. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसमधलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. प्रमाणपत्र मागितलं तर अधिकारी देईनात. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १४ जुलै २०२०ला तीन न्यायमूर्तींनी सांगितलं: मूळ यंत्रच कोर्टात आणलं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर प्रमाणपत्र हवंच.

१ जुलै २०२४पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. आता ते कलम ६३ आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग झाले, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आणि फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची.

हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. एक स्वल्पविराम जरी बदलला तरी अंगठा बदलतो. त्यामुळे पेन ड्राइव्हवर दिलेली फाइल मध्येच कोणी बदलली का, हे कळतं. चांगली गोष्ट आहे. (फॉर्ममध्ये एमडी५चाही पर्याय दिलाय, हे बघून मात्र मी कपाळाला हात लावला. एकाच एमडी५ अंगठ्याच्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात, हे २००४पासून जगाला माहीत आहे.) पण माझी अडचण वेगळी आहे. डॅलमेलिंग्टनच्या त्या ३२,००० पाउंडांच्या नोंदीची हॅश काढली असती, तर ती अगदी बरोबर आली असती. कारण फाइल कोणी बदललीच नव्हती. ती जन्मालाच चुकीची आली होती. हॅश सांगते की कागद तोच आहे. कागदावरचा आकडा खरा आहे का, हे ती सांगत नाही, सांगूही शकत नाही. त्यासाठी विचारावं लागतं: या सॉफ्टवेअरचे माहीत असलेले बग कुठले? डेटा मागून कोण बदलू शकतं? त्याचा लॉग कुठाय? आपल्या प्रमाणपत्रात ‘नीट चालत होता’ असं छापील वाक्य आहे. त्या वाक्यामागचे लॉग दाखवा, असं कोर्टात किती वकील म्हणत असतील, असा मला प्रश्न पडतो.

ब्रिटनमध्येही हाच विचार आता चाललाय. २०२५च्या जानेवारीत तिथल्या न्याय मंत्रालयाने, ते यंत्राला खरं धरायचं गृहीतक ठेवायचं की बदलायचं, यावर मतं मागवली.

आणि एक उदाहरण, जे मला खरंच आवडतं, आणि जे आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक. तुमच्या खात्यातून तुम्ही न केलेला ऑनलाइन व्यवहार झाला, तर चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर टाकली आहे. बँकेवर! तुमच्यावर नाही. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मध्येच कुठेतरी झाली, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत की तुमचं नुकसान शून्य. ओटीपी तुम्ही स्वतः कोणाला दिला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून कळवायला वेळ लावू नका. दुसरं परिपत्रक २० सप्टेंबर २०१९चं. यूपीआयने पैसे तुमच्या खात्यातून गेले पण समोरच्याला पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये. आणि ही भरपाई तक्रारीची वाट न बघता द्यायची आहे.

आता हे हॉरायझनच्या शेजारी ठेवून बघा. इथेही सॉफ्टवेअर, तिथेही सॉफ्टवेअर. बग दोन्हीकडे. आपल्या यूपीआयवर रोज कोट्यवधी व्यवहार होतात, अडकतातही. पण पैसे अडकले म्हणून भाजीवाल्या मावशींवर कोणी चोरीचा गुन्हा लावत नाही. कारण बिघाड होणारच हे नियम करणाऱ्याने आधीच धरून चाललंय, आणि झाला तर घाम कोणी गाळायचा हेही लिहून ठेवलंय. आता बँका हे दरवेळी पाळतात का? तुमच्या चेहऱ्यावरचं हसू मला इथून दिसतंय. पण भांडायला हातात कागद आहे. ली कॅसलटन यांच्या हातात तो नव्हता.

मला काळजी वाटते ती अशा ठिकाणांची जिथे आपल्या हातात काहीच नाही. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा उमटत नाही, आयुष्यभर शेतात किंवा बांधकामावर राबलेल्या हातांवर रेषाच उरलेल्या नसतात, आणि स्क्रीन म्हणते ‘जुळत नाही’. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचा आयडी सकाळी उठल्यावर बंद. कारण म्हणून एक ओळ, आणि खाली चॅटबॉट. परीक्षेच्या ऑनलाइन फॉर्मचे पैसे कापले, पण स्टेटस ‘अपूर्ण’, आणि शेवटची तारीख उलटली. यातल्या प्रत्येक ठिकाणी मी हॉरायझनची तीच स्क्रीन शोधतो. आकडा दिसतोय. खाली बटणं कुठली आहेत?

तर या वेळी तुम्हाला काम देतोय. तुमच्या फोनमधलं असं एक अ‍ॅप उघडा ज्याच्यावर तुमचे पैसे, नोकरी किंवा अ‍ॅडमिशन अवलंबून आहे. त्यात ‘हे चुकीचं आहे’ असं सांगायची जागा शोधा. किती टॅप लागले, पलीकडे माणूस आहे की बॉट, आणि तक्रारीचा नंबर मिळतो का, ते बघा. स्क्रीनशॉट पाठवा, फक्त नाव, नंबर, खाते क्रमांक खोडून पाठवा. पुढच्या भागात त्यातलेच निवडून आपण उघडून बघू. आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणी वकील असाल, कलम ६३चं प्रमाणपत्र तुम्ही प्रत्यक्ष भरलं असेल किंवा त्यावर उलटतपासणी घेतली असेल, तर प्लीज मेसेज करा. मला तुमच्याशी बोलायचंय, माइक चालू ठेवून.

चला, भेटू.